‘ओके’नंतरचे तीन सेकंद

कॅनरी बेटांतल्या तेनेरीफच्या लॉस रोदेओस विमानतळावर २७ मार्च १९७७ रोजी केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांच्या दोन जम्बो जेट विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली. एवढी जीवितहानी विमानवाहतुकीच्या दुसऱ्या कुठल्याही अपघातात झालेली नाही. दोन्ही विमानं धडधाकट होती आणि वैमानिक मुरलेले. केएलएमचे कॅप्टन फान झान्टेन तर कंपनीतल्या इतर वैमानिकांना शिकवणारे. बिघाड झाला तो बोलण्यात.

त्या दिवशी शेजारच्या ग्रान कनारिया विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे विमानं या लहान तळाकडे वळवली होती. उभ्या विमानांनी टॅक्सीवे अडला होता, म्हणून उड्डाणाच्या टोकाला जायचं तर धावपट्टीवरूनच जावं लागत होतं. वर दाट धुकं. टॉवरला विमानं दिसेनात, विमानांना एकमेकं दिसेनात. केएलएमचं विमान टोकाला जाऊन वळून उभं राहिलं, तेव्हा पॅन अ‍ॅमचं विमान त्याच धावपट्टीवर होतं.

टॉवरने केएलएमला उड्डाणानंतर कसं जायचं तो मार्ग सांगितला. ही काही उड्डाणाची परवानगी नव्हती, पण त्या वाक्यात ‘टेकऑफ’ हा शब्द होता. सहवैमानिकाने तो मार्ग परत वाचून दाखवला आणि शेवटी घाईने ‘वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’ अशा अर्थाचं काहीतरी जोडलं. विमान सुटलं होतं. टॉवरला वाटलं, ते उड्डाणाच्या जागी तयार उभे आहेत. नियंत्रक म्हणाला, ‘ओके’. आणि क्षणभर थांबून, ‘थांबा, मी सांगतो’. नेमक्या त्याच वेळी पॅन अ‍ॅमचा वैमानिक कळवळून सांगत होता की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोघे एकाच वेळी बोलले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ पोहोचलं, आणि पुढचे तीनेक सेकंद कर्कश शिट्टी.

विमानाच्या रेडिओवर सगळी एकाच तरंगावर असतात. एकाने बटण दाबलं की बाकीच्यांनी ऐकायचं. दोघांनी दाबलं की शिट्टी वाजते. ही शिट्टीसुद्धा एका परीने उपयोगीच. विमानवाहतुकीने जुनी एएम पद्धत टिकवली, तिचा एक फायदा हाच की दोन संदेश आदळले हे निदान कळतं; एफएममध्ये जोरकस संदेश दुबळ्याला गिळून टाकतो आणि मागमूसही राहत नाही. पण शिट्टी ऐकून ‘पुन्हा सांगा’ असं कोणीतरी म्हणावं लागतं.

तेनेरीफला हे जवळजवळ घडलंच होतं. शिट्टीनंतर टॉवरने पॅन अ‍ॅमला ‘धावपट्टी मोकळी झाली की कळवा’ असं सांगितलं, ‘कळवतो’ असं उत्तर आलं, आणि हे दोन्ही केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्वच्छ ऐकू आलं. तिथल्या फ्लाइट इंजिनिअरने लगेच विचारलं, ‘तो पॅन अमेरिकन अजून बाजूला झाला नाही का?’ कॅप्टन ठासून म्हणाला, ‘झाला की!’ विषय संपला. हे संभाषण जितक्या वेळा वाचावं तितक्या वेळा इथेच अडकायला होतं. योग्य प्रश्न, योग्य वेळी, योग्य माणसाने विचारला होता. विचारणारा हुद्द्याने खाली होता, एवढंच.

रेडिओवरच्या गैरसमजाची चर्चा बहुतेकदा उच्चार आणि इंग्रजीपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. माझं मत असं की इंग्रजी हा प्रश्नाचा एक भाग आहे. मोठा भाग हा, की थकलेला, घाईतला माणूस ज्याची वाट पाहतोय तेच ऐकतो. आणि ज्याला खरं कळलेलं असतं तो बोलणारा नसतो, किंवा बोलला तरी ऐकला जात नाही.

कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेल्या आव्हिआंका ५२ चं काय झालं पाहा. २५ जानेवारी १९९० ला खराब हवामानामुळे ते तासाहून अधिक काळ घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलेलं. कॅप्टनने सांगितलं, आणीबाणी आहे असं कळव. सहवैमानिकाने ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपतंय असंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारलाच नाही. नियंत्रकाच्या कानाला ती नेहमीची विनंती वाटली; त्या रात्री प्रत्येकालाच लवकर उतरायचं होतं. चारही इंजिनं बंद पडून विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. आज इंधनासाठी ‘मिनिमम फ्युएल’ आणि ‘मेडे फ्युएल’ असे ठरीव शब्द आहेत.

आपल्याकडची जखम चरखी दादरीची. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणाचं आभाळ. दिल्लीहून निघालेलं सौदियाचं बोइंग ७४७ चौदा हजार फुटांवर, समोरून उतरणाऱ्या कझाक इल्युशिनला पंधरा हजार फुटांवर राहण्याची सूचना. नियंत्रकाने कझाक विमानाला समोर सौदियाचं विमान येतंय, दिसलं की कळवा, असं सांगितलं. मधलं अंतर किती, हेही सांगितलं. समोरचं विमान चौदा हजारांवर आहे, हे उत्तरही गेलं. पण ते ऐकत होता रेडिओ ऑपरेटर. विमान चालवणारे दुसरेच होते, आणि ऑपरेटरसमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. उंची पाहायची तर वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावं लागे. कझाक विमान पंधरा हजारांवर थांबलं नाही, दोन्ही विमानं आदळली. ३४९ माणसं गेली. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती, त्यामुळे वैमानिकाने सांगितलेल्या आकड्यावर नियंत्रकाला भिस्त ठेवावी लागे. न्या. लाहोटी यांच्या चौकशीनंतरच्या काळात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळणारं यंत्र विमानांना सक्तीचं झालं. हे आधी का झालं नाही, याचा राग आजही येतो.

याच अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने इंग्रजीच्या परीक्षेचा विषय गांभीर्याने घेतला. आता सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी गाठावी लागते. शब्द तर तेनेरीफनंतरच घासूनपुसून घेतले गेले. ‘टेकऑफ’ हा शब्द आता फक्त परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’. आकड्यांतही असा घोळ होतो. १९८९ मध्ये क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरच्या मालवाहू जम्बोला २४०० फुटांवर उतरायला सांगितलं. आकड्यातला ‘टू’ वैमानिकांना ‘कडे’ या अर्थाचा वाटला. ते ४०० फुटांकडे उतरत गेले, डोंगरावर आदळले. वैमानिकाने ४०० असं परत वाचून दाखवलं होतं. नियंत्रकाने टोकलं नाही. ‘रीडबॅक’चा सगळा अर्थ दुसऱ्या बाजूने कान देऊन ऐकण्यात आहे.

शब्द घासून प्रश्न संपत नाही, हे टोकियोने दाखवलं. २ जानेवारी २०२४ ला तिथल्या हानेदा विमानतळावर भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणाऱ्या तटरक्षक दलाच्या विमानाला ‘नंबर वन’, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिले, असं सांगून धावपट्टीबाहेर थांबायला सांगितलं. त्यांनी ते बरोबर परत वाचलंही, आणि तरी धावपट्टीवर गेले. उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान धडकलं. त्यातले ३७९ जण वाचले, तटरक्षकांच्या सहापैकी पाच गेले. जपानने ‘नंबर वन’ म्हणणं काही काळ बंद केलं.

आता समुद्रावर आवाजाऐवजी लिखित संदेश आले आहेत. अरबी समुद्रावर मुंबईशी खरखरत्या एचएफ रेडिओवर बोलणाऱ्या वैमानिकांना त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण धावपट्टीजवळ आवाज राहायलाच हवा. तेनेरीफला पॅन अ‍ॅमचे वैमानिक ओरडले ते केएलएमचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं म्हणून. प्रत्येकाच्या पडद्यावर फक्त स्वतःचा संदेश असता तर त्यांना पत्ताही लागला नसता. म्हणूनच स्थानिक भाषा आणि इंग्रजी एकाच तरंगावर मिसळणं धोक्याचं. १९७६ मध्ये झाग्रेबच्या आकाशात दोन विमानं आदळण्याआधी नियंत्रकाची शेवटची धावपळ मातृभाषेत झाली, आणि समोरच्या ब्रिटिश वैमानिकांना त्यातलं काही कळण्याची सोय नव्हती. १७६ माणसं गेली. इंग्रजीचं ओझं मला आवडत नाही, पण या एका जागी सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येणं, यापुढे माझी आवडनिवड टिकत नाही.