शेवटची रात्र आणि रुग्णालयाची वाट

बरा न होणारा कर्करोग झालेला एक माणूस घरी अंथरुणास खिळलेला आहे. घरची माणसे शुश्रूषा करतात, ठरल्या दिवशी परिचारिका येऊन जाते, दुखण्यावर औषध चालू आहे. ‘आता मला कुठे हलवू नका’ असे त्याने सांगितले आहे, आणि सर्वांनी ते कबूलही केले आहे. तरीही मरणाच्या एकदोन दिवस आधी मध्यरात्री धावपळ करून त्याला रुग्णालयात नेले जाते. असे का होते, याचा आज विचार करू.

व्याधी हटत नसली तरी तिचा जाच कमी करता येतो, या विचारावर उपशामक सेवा उभी आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये तिला संस्थेचे रूप दिले. मुंबईस १९८६ साली शांती अवेदना आश्रम निघाला. केरळात कालिकत येथे १९९३ पासून सुरू झालेल्या कामातून, शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी ही सेवा घरोघर नेली. अनेक देशांतील पाहण्यांचा २०१३ साली जो एकत्र आढावा निघाला, त्यात अशी सेवा लाभलेल्यांना घरीच मृत्यू येण्याचा संभव दुपटीहून अधिक आढळला. मग बाकीच्यांना का हलवावे लागते?

आमच्या मते कारणे तीन. पहिले शरीराचे : वेदना एकाएकी वाढते, धाप लागते, रक्तस्राव होतो, रुग्णास भ्रम होतो. दुसरे घरच्यांच्या थकव्याचे : पुष्कळदा एकच बाई अनेक रात्री जागत असते. तिसरे भीतीचे : घशात घरघर लागली की पाहणाऱ्याचा धीर सुटतो. त्यातच एखादा नातलग म्हणतो, ‘तुम्ही काहीच करणार नाही काय?’ या प्रश्नापुढे भलेभले वाकतात.

यांतील बऱ्याच गोष्टी आधी कळण्याजोग्या असतात. अन्नावरची वासना उडणे हा मृत्यू जवळ आल्याचा भाग आहे. ती उपासमार नव्हे. घरघर ऐकणाऱ्यास असह्य वाटते, पण शुद्ध हरपलेल्या रुग्णास तिचा त्रास बहुधा जाणवत नाही. त्याला कुशीवर वळवावे. मॉर्फिन वेदनेवर आणि धापेवरही चालते, आणि बेताच्या मात्रेने दिल्यास मरण ओढवून आणत नाही. १९८५ च्या कायद्यामुळे ते मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट पुष्कळ सुकर झाली. रात्री लागणारे औषध संध्याकाळीच घरात असावे, ते कसे द्यावे हे दोघांना तरी ठाऊक असावे, आणि कोणास हाक मारावी तो क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा. घरी मृत्यू झाल्यावर दाखला कोण देणार, हेही डॉक्टरांस आधीच विचारून ठेवावे.

याचा अर्थ रुग्णालयात नेणे ही चूक, असा कोणी घेऊ नये. वेदना घरी आटोक्यात येत नसेल, लघवी तुंबली असेल, हाड मोडले असेल, शुश्रूषा करणारी बाई कोलमडली असेल, किंवा रुग्णासच तेथे अधिक निश्चिंत वाटत असेल, तर न्यावे. त्यात वचनभंग नाही. फक्त तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा, घबराटीचा नव्हे.

तो विचार रुग्ण शुद्धीवर असतानाच व्हावयास हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आगाऊ इच्छापत्रास मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांची साक्षांकित सही. परंतु कागदाआधी बोलणे हवे. मरणाचे नाव काढणे अभद्र मानून आपण गप्प बसतो, आणि मग त्या रात्री रुग्णाच्या वतीने भीतीच बोलते. त्याचे स्वतःचे शब्द तेव्हा घरात सर्वांना ठाऊक असावेत, एवढेच आमचे सांगणे आहे.