घरातली मते आणि उद्योगाचा हेतू

‘मराठी मुलाच्या रक्तातच धंदा नाही’ हे विधान आपल्याकडे इतक्यांदा केले जाते, की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला भासत नाही. विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणाला स्वतःचा उद्योग काढावासा वाटतो किंवा वाटत नाही, ते नेमके कशामुळे? या प्रश्नाचा अनेक देशांत पद्धतशीर अभ्यास झाला आहे.

त्यातील बऱ्याच अभ्यासांचा पाया अमेरिकेतील सामाजिक मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांच्या १९९१ सालच्या मांडणीत आहे. त्यांच्या मते हेतू तीन गोष्टींतून घडतो : ते काम आपल्याला किती हवेसे वाटते, जवळच्या माणसांना ते पसंत पडेल असे वाटते का, आणि ते आपल्याला जमेल असा भरवसा किती आहे.

फ्रान्सिस्को लिन्यान आणि यी-वेन चेन यांनी ही मांडणी स्पेन व तैवानमधील ५१९ जणांवर पडताळून पाहिली. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तैवानी समाज स्पॅनिश समाजापेक्षा अधिक समूहनिष्ठ मानला जातो. तरी मूळ आराखडा दोन्हीकडे लागू पडला. लक्षवेधी निष्कर्ष असा, की जवळच्यांच्या मताचा हेतूवर थेट परिणाम ठळकपणे दिसला नाही. तो आडवाटेने पोचत होता : आधी आवड आणि भरवसा घडवायचा, मग त्यांच्यामार्फत हेतू.

माझ्या मते यातली मेख इथेच आहे. ज्या घरात जेवताना उधारी, वसुली, मालाचे भाव यांची चर्चा होते, तिथल्या मुलाला ‘धंदा कर’ असे कुणी सांगावे लागत नाही. नुकसान सोसूनही माणसे उभी राहतात, हे त्याने पाहिलेले असते. पगारदार घरातील वडिलांनी होकार दिला, तरी हा भरवसा त्या होकाराबरोबर येत नाही.

मग तो वर्गात शिकवता येईल? नेदरलँड्समधील एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी छोटी कंपनी चालवून पाहण्याचा उपक्रम होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात उद्योजक होण्याचा हेतू उलट घटलेला आढळला. याला अपयश म्हणण्याची घाई करू नये. स्वतःचा वकूब वेळीच कळणे हाही लाभच आहे.

अर्थात हेतू म्हणजे उद्योग नव्हे; भांडवल आणि बाजारपेठ यांचा प्रश्न पुढे उरतोच. पण आवड आणि भरवसा या घडणाऱ्या गोष्टी असतील, तर त्या रक्ताच्या खात्यावर मांडून आपण मोकळे होऊ शकत नाही.