उसन्या शौर्याची पदके

लोकप्रतिनिधीने रणांगण पाहिलेच पाहिजे असे नाही. परंतु न पाहिलेल्या रणांगणाचा मान मिरविणे ही मतदारांची उघड वंचना होय. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झेवियर अल्वारेझ नामक गृहस्थ एका जलमंडळाचे निर्वाचित सभासद होते. सन २००७ मध्ये त्यांनी भरसभेत आपण २५ वर्षे मरीन दलात होतो व ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च शौर्यपदक आपणांस मिळाले, असे सांगितले. वस्तुतः ते सैन्यात कधीच नव्हते. अशा थापांस शिक्षा सांगणाऱ्या कायद्यान्वये त्यांजवर खटला झाला. पण सन २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच भाषणस्वातंत्र्यास बाधक म्हणून रद्द केला.

हा निकाल आम्हांस योग्य वाटतो. केवळ असत्य भाषणाबद्दल तुरुंग दाखविण्याचा अधिकार सरकारास दिला, तर सत्य बोलणाराही उद्या निर्भय राहणार नाही. निकालपत्रातच सौम्य उपाय सुचविला आहे: पदकधारकांची यादी सर्वांस खुली करावी. आपल्याकडेही शौर्यपदके राजपत्रात प्रसिद्ध होतात. सराफ कसास लावल्यावाचून सोने घेत नाही. मग मतदारांनीच पडताळ्यावाचून वीर का मानावा? त्यांच्या भाबडेपणाने खऱ्या हुतात्म्यांचा मान स्वस्त होतो.