वाळलेला लॅपटॉप पुन्हा का बंद पडतो?

ओझरच्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न असा : जुलै महिन्यात टेबलावरचा पाण्याचा तांब्या कलंडला आणि लॅपटॉपच्या कळफलकावर पाणी सांडले. लॅपटॉप लगेच बंद पडला. कोणीतरी सांगितले म्हणून तो दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी तो सुरू झाला आणि सगळ्यांना हायसे वाटले. पण पंधरा दिवसांनी तो जो बंद पडला तो कायमचा. पाणी तर केव्हाच वाळले होते. मग बिघडले कशाने?

पगारातून घेतलेली वस्तू गेली, शिवाय दहावीच्या मुलांचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही त्यातच होते. त्यामुळे प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. आणि त्याच्या उत्तरात शाळेतल्या रसायनशास्त्राचा बराच भाग येऊन जातो.

‘पाणी विजेचे सुवाहक आहे’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. ते अर्धवट खरे आहे. अतिशुद्ध पाण्याची विद्युतवाहकता २५ अंश सेल्सिअसला प्रति सेंटिमीटर अवघी ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते. समुद्राच्या पाण्याची सुमारे ५०,००० असते. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याची सामान्यतः काहीशे ते हजाराच्या घरात. म्हणजे वीज वाहून नेतात ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन. ओझर-निफाडच्या द्राक्षबागांत हे क्षार डोळ्यांनी दिसतात. ठिबकच्या ड्रिपरवर पांढरा थर साचतो, तोंडे बुजतात आणि शेतकऱ्यांना नळ्यांतून आम्ल सोडावे लागते. तेच पाणी तांब्यात असते.

आता लॅपटॉपच्या आत पाहू. मदरबोर्डवर तांब्याच्या अत्यंत बारीक पट्ट्या असतात. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतले अंतर मिलिमीटरच्या दशांशाइतके किंवा त्याहून कमी असते. एकीवर ३ व्होल्ट, दुसरीवर ५, कोठे चार्जरकडून आलेले १९ किंवा २० व्होल्ट. पाण्याचे विद्युत अपघटन सुरू व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्टही पुरतात. खारट पाण्याचा एक थेंब दोन पट्ट्यांवर पडला की तेथे एक छोटेसे विद्युतघट तयार झाले म्हणायचे. जास्त दाबाची पट्टी धनाग्र होते, दुसरी ऋणाग्र. धनाग्राचे तांबे आयनांच्या रूपाने पाण्यात उतरते, पट्टी झिजते आणि काही वेळा तुटते. ऋणाग्रापाशी पोचलेले आयन पुन्हा धातू होऊन बसतात आणि तेथून नेच्याच्या पानासारख्या बारीक फांद्या धनाग्राकडे वाढू लागतात. एखादी फांदी पलीकडे टेकली की शॉर्टसर्किट. पाण्याने नुकसान होते असे आपण म्हणतो. खरे नुकसान पाणी, क्षार आणि वीज ही तिन्ही एकत्र आल्याने होते. यातले आपल्या हातात ताबडतोब काढता येण्याजोगे एकच आहे : वीज.

हे वर्गात दाखवता येते. ९ व्होल्टची लहान बॅटरी, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रोधक आणि टोके सोललेल्या दोन तांब्याच्या तारा घ्या. सर्व एकसर जोडणीत जोडून तारांची टोके सेंटिमीटरभर अंतरावर ठेवून पेल्यात बुडवा. प्रथम पेल्यात ऊर्ध्वपातित पाणी घ्या (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणी दुकानात मिळते ते चालेल). एलईडी जवळजवळ पेटत नाही. मग बोअरचे पाणी घ्या. एलईडी मिणमिणतो, ऋण तारेवर बुडबुडे येतात. रोधक आणि एलईडी काढून बॅटरी थेट जोडली तर अर्ध्या तासात धन तार काळवंडते आणि तिच्याभोवती निळसर-हिरवट गढूळपणा दिसतो. तो गेलेल्या तांब्याचा. हा प्रयोग घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर कोणीही, कधीही करू नये, हे मुलांना आधीच बजावून सांगावे.

बॅटरीची तार काढताच सगळे थांबते, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. पाणी सांडल्यावर पहिल्या मिनिटात करायचे काम तेच आहे. भिंतीवरचे बटण बंद करून कोरड्या हाताने चार्जर काढावा आणि पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरून लॅपटॉप बंद करावा. फाइल साठवण्याची रीतसर वाट पाहत बसू नये. मात्र लॅपटॉप बंद झाला म्हणजे वीज गेली असे नव्हे. बटण दाबल्याचे समजावे म्हणून आतला काही भाग बॅटरीवर सतत जागा असतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी खालची कळ सरकवून निघत असे. नव्यात ती आत स्क्रूखाली असते आणि तिचे जोड काढणे जाणकारालाच जमते. म्हणून दुरुस्तीवाल्याकडे त्याच दिवशी जाणे हे दोन दिवस वाट पाहण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे. तोवर लॅपटॉप अर्धवट उघडून, कळफलक खाली येईल असा, तंबूसारखा उपडा ठेवावा म्हणजे पाणी आत न मुरता बाहेर गळेल. हलवू-आपटू नये. केस वाळवण्याचे यंत्र लावू नये, त्याचा झोत पाणी आणखी आत ढकलतो. आणि ‘चालतो का बघू’ म्हणून बटण तर मुळीच दाबू नये. बॅटरी फुगली किंवा गरम वाटली तर लॅपटॉप घराबाहेर मोकळ्या जागी ठेवावा.

आता तांदूळ. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायची जुनी रीत आहे. पण डब्यातले तांदूळ फार तर भोवतालच्या हवेतली थोडी आर्द्रता घेतील. लॅपटॉपच्या पोटातला थेंब ते ओढून काढत नाहीत. पंख्याखाली ठेवलेला लॅपटॉप तांदळातल्यापेक्षा बहुधा लवकर वाळेल. तांदळाचा कोंडा आणि पिठूळ धूळ जोडांत शिरते ती वेगळीच. ॲपल कंपनीनेही २०२४ साली आपल्या सूचनांत भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका असे स्पष्ट लिहिले.

तरीही समजा, लॅपटॉप पूर्ण वाळला. पाणी उडून गेले. क्षार कोठे गेले? कोठेच नाहीत. ते पट्ट्यांच्या मधोमध बसून आहेत. त्यातला कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर तसा गरीब. खोडकर आहेत ती क्लोराइडे आणि शेतीभागातल्या विहिरींत खतांमुळे उतरणारी नायट्रेटे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते हे प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी घेऊन विरघळू लागते. मॅग्नेशियम क्लोराइडला तर सुमारे ३३ टक्केही पुरतात. जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत त्या न दिसणाऱ्या डागांना पुन्हा पाणी सुटते, आणि आता तर लॅपटॉप चालू, वीज हजर! बंद पडलेले विद्युतघट पुन्हा सुरू होते. पंधरा दिवसांत एखादी पट्टी खाऊन टाकायला एवढे पुष्कळ झाले. शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथेच आहे.

म्हणून नुसते वाळवणे पुरे पडत नाही, धुवावे लागते. भिजलेली वस्तू पाण्यानेच धुवायची हे ऐकायला विचित्र वाटते, पण कारखान्यात झाळकाम झाल्यावर अनेक सर्किट बोर्ड आयनमुक्त पाण्यानेच धुतले जातात. चांगला दुरुस्तीवाला मदरबोर्ड बाहेर काढतो, बॅटरी दूर ठेवतो, क्षार शुद्ध पाण्याने काढतो आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. ते पाण्यात मिसळते आणि पाण्याआधी उडून जाते. चिपच्या पोटाखालची घाण काढायला काही जण ध्वन्यातीत लहरींचे पात्र वापरतात. चहा सांडला असेल तर साखर चिकटून बसते, धुण्याला पर्यायच नाही.

ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग आणि पुढे सुखोई-३० ही विमाने बांधली गेली. विमान उंचावरच्या थंडीतून दमट हवेत उतरते तेव्हा थंड भागांवर दव जमते. यासाठी विमानांतल्या सर्किट बोर्डांवर सहसा पारदर्शक रेझिनचा पातळ थर देतात. थेंब पडला तरी तो तांब्याला शिवत नाही. आपल्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवर असा थर सहसा नसतो.

राहिले मुलांचे गुण. मदरबोर्ड गेला तरी माहिती गेलीच असे नाही. हार्ड डिस्क किंवा एसएसडी अनेक लॅपटॉपमध्ये वेगळी निघते आणि कोरडी राहिली असेल तर दुसऱ्या संगणकाला जोडून वाचता येते. काही नव्या लॅपटॉपमध्ये मात्र ती मदरबोर्डवरच झाळलेली असते, तेथे काम अवघड होते. डिस्क स्वतःच भिजली असेल तर तिला वीज न देता, माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी. मदरबोर्ड भंगारात देण्याआधी दुरुस्तीवाल्याला एवढेच विचारावे : डिस्क काढून दिलीत का?