नॉनस्टिक तवा आणि मोठी आच

डोशाच्या तव्यावर ओरखडा दिसला की घरात शंका सुरू होते. हा काळा थर पोटात गेला तर? कर्करोग तर होणार नाही? मग एखाद्या घरात तवा माळ्यावर जातो. दुसऱ्या घरात मात्र तो मोठ्या आचेवर रिकामाच तापत राहतो, आणि त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. खरी काळजी करायची ती या दुसऱ्या घराची.

नॉनस्टिक भांड्यांवर बहुधा टेफ्लॉन या व्यापारी नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाचा थर असतो. अमेरिकेतील रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला तो १९३८ मध्ये योगायोगाने सापडला. हा पदार्थ इतर पदार्थांशी सहसा संयोग पावत नाही. त्यामुळे त्याचा एखादा कण पोटात गेला तरी तो पचत नाही, शौचावाटे बाहेर पडतो.

कर्करोगाचा धसका आला तो पीएफओए या वेगळ्या रसायनामुळे. थर तयार करताना ते कारखान्यात वापरले जाई. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील एका कारखान्यातून ते पिण्याच्या पाण्यात मिसळले. तेथील रहिवाशांच्या अभ्यासात मूत्रपिंडाच्या व वृषणाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ते कर्करोगकारक ठरवले. तयार तव्यात मात्र त्याचा अंश नगण्य उरत असे. अमेरिकेतील प्रमुख उत्पादकांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला.

स्वयंपाकघरातला धोका अति उष्णतेचा आहे. सुमारे २६० अंश सेल्सिअसपुढे हा थर बिघडू लागतो आणि ३५० अंशांच्या आसपास त्यातून विषारी धूर निघतो. भाजी शिजताना तिच्यातल्या पाण्यामुळे तापमान इतके चढत नाही. रिकामा तवा मात्र मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तापून धोक्याची पातळी गाठू शकतो. हा धूर छातीत गेल्यास काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, खोकला असा फ्लूसारखा त्रास होतो. बहुधा तो एक-दोन दिवसांत ओसरतो. धाप लागल्यास मात्र ताबडतोब डॉक्टर गाठावा. पिंजऱ्यातला पोपट तर या धुराने दगावू शकतो. पक्ष्याला स्वयंपाकघरात ठेवूच नये.

काळजी सोपी आहे. तवा रिकामा तापवू नये. आधी थोडे तेल सोडावे, आच मंद ते मध्यम ठेवावी आणि खिडकी उघडी असावी. उलथने लाकडी वापरावे, तारेची घासणी टाळावी. थर निघून आतले अ‍ॅल्युमिनियम दिसू लागले की भांडे बदलावे, कारण चिंच, कोकम, टोमॅटो अशा आंबट पदार्थांत ते उतरते.

कमी तेलात घावन किंवा आम्लेट करायचे असेल, तर नॉनस्टिक तवा उपयोगाचाच आहे. हृदयरोग्याच्या घरी तर विशेष. भाकरी, फुलके, वांग्याचे भाजणे अशी धगीची कामे मात्र लोखंडी तव्याकडे किंवा थेट जाळाकडे सोपवावीत.