फोटो काढणे आणि फोटो दाखवणे

हौशी छायाचित्रकारापाशी कॅमेरा कोणता, हे लोक आधी विचारतात. त्याचा फोटो किती जणांनी नीट पाहिला, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. आणि त्याचे उत्तर पुष्कळ अंशी फिल्मच्या आकारात आहे.

हौशी माणसाच्या हाती मुख्यतः दोन आकार आले. एक १२० नंबरचा रोल, १९०१ सालापासूनचा, सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीचा. त्यावर सहा बाय सहाची बारा चित्रे बसतात. हा मध्यम आकार. दुसरा लहान आकार म्हणजे सिनेमाची पस्तीस मिलिमीटरची पट्टी. जर्मनीत १९२५ साली लायका कॅमेरा विक्रीस आला आणि ही पट्टी हौशी लोकांत रूढ झाली. तिच्यावरचे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटर, एका रोलात छत्तीस. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर मध्यम निगेटिव्ह लहानीच्या साडेतीनपट भरते.

मोठी निगेटिव्ह म्हणजे रेखीव चित्र, असे जाणकार सांगतात, आणि ते खरेच आहे. बारा इंच लांबीची प्रिंट काढायची तर लहान निगेटिव्ह साडेआठपट वाढवावी लागते. पण आम्हांला दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. सहा बाय सहाची निगेटिव्ह कागदावर दाबून वर दिवा लावला की जी प्रिंट निघते, ती तशीच अल्बमात चिकटवता येते. एन्लार्जर लागत नाही. बडोद्यास बनणारा आग्फा क्लिक थ्री हा साधा डबा-कॅमेरा. त्याचे फोटो घरोघरी हातोहात फिरले, त्याचे एक कारण हेच. पस्तीस मिलिमीटरची अशी प्रिंट टपालाच्या तिकिटाएवढी होते. भिंग लावून एकट्यानेच पाहावी. लहान कॅमेरा खिशात मावतो खरा, पण त्याचा फोटो चौघांना दाखवायचा तर एन्लार्जर, अंधारी खोली आणि पैसा लागतो.

तेव्हा सामान सामायिक ठेवणे आले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ साली स्थापन झाली. इंग्लंडात काही मंडळांनी प्रिंटांचा संच टपालाने सभासदांत फिरवला. सोबतच्या वहीत प्रत्येकाने आपले मत लिहून पुढे धाडायचे. जर्मनीत १९२६ साली कामगार-छायाचित्रकारांचे मासिक निघाले. वाचकांनी पाठवलेल्या चित्रांवर त्यात टीका छापून येई. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ते बंद पडले. फोटोच्या चर्चेचीही राज्यकर्त्यांना भीती वाटू शकते, हे ध्यानात घ्यावे.

वाशिमला आमचे सात-आठ जणांचे टोळके आहे. दोघे बाजारातले हमाल, एक शिक्षक, एक घड्याळजी, बाकी असेच. आज एका रोलची किंमत शेतमजुराच्या दिवसाच्या मजुरीहून अधिक आहे; म्हणून आम्ही शंभर फुटी फिल्म वर्गणीतून घेतो आणि कापून भरतो. तिचे छत्तीस चित्रांचे अठरा रोल होतात. खरी अडचण पुढे, फिल्म धुताना. डेव्हलपर वीस अंशांवर असावा असे पुस्तके सांगतात. आमच्याकडे मे महिन्यात नळाचे पाणीच त्याहून कितीतरी गरम. अशा पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो आणि नुसत्या बोटानेही ओरखडतो. म्हणून उन्हाळ्यात फिल्म रात्री धुवायची व पाणी माठातले घ्यायचे. माठातून झिरपलेले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. तरीही वीस अंश क्वचितच साधतात. चोवीस अंश असेल तर वेळ सुमारे सत्तर टक्क्यांवर आणावा, आणि हायपोपासून शेवटच्या धुण्यापर्यंत सारे पाणी त्याच तापमानाचे ठेवावे. ही युक्ती एकाने दुसऱ्यास सांगितली म्हणूनच टिकली.

चर्चेचा आमचा नियम संघटनेच्या बैठकीतून आलेला आहे. प्रिंट मांडायची ती नावाशिवाय. काढणाऱ्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचे नाही. आणि ‘छान’ हा शब्द वर्ज्य. मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो येतात आणि शंभरांना ‘छान’ मिळते. त्याने कोणी काही शिकल्याचे आम्ही पाहिले नाही. उजेड कुठून आला, कडेला काय कापले गेले, नजर आधी कुठे जाते, एवढेच बोलावे.

एकदा सोयाबीनचे पोते पाठीवर घेतलेल्या हमालाचा मोठा फोटो मांडला होता. घाम, पोत्याची वीण, सारे टिपलेले. आम्ही सावल्यांविषयी बोलत होतो. एक हमाल बराच वेळ पाहून म्हणाला, “फोटू चांगला हाये भाऊ, पण काटा कुठी गेला?” मजुरीचा हिशेब काट्यावर होतो, तोच चौकटीबाहेर राहिला होता. ओझे दिसत होते, व्यवहार दिसत नव्हता. पुढच्या रविवारी फोटो पुन्हा काढला गेला, जरा मागे सरून. अशी टीका परीक्षकांच्या गुणपत्रिकेत मिळत नाही.

नाव झाकण्याचा नियम चर्चेपुरताच. नंतर ते प्रिंटमागे लिहायचेच. होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची चित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार कारखान्यापुरता नाही.

आता एक विनंती. मूर्तिजापूर-यवतमाळ ही कारंज्यावरून जाणारी अरुंद शकुंतला गाडी आता धावत नाही. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेले. ते १९९४ साली काढून डिझेल इंजिन जोडले. त्या इंजिनाचे फोटो जिल्ह्यात कुणाच्या ट्रंकेत असतीलच. पत्र्याखालच्या उष्णतेने जुनी ॲसिटेट फिल्म कुजते. डबा उघडताच शिरक्यासारखा आंबूस वास आला तर ती सुरुवात झाली असे समजावे. अशा निगेटिव्ह इतरांपासून वेगळ्या करून कागदी पाकिटांत, घरातल्या सर्वांत थंड व कोरड्या कपाटात ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. धरताना कडेने धरावे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना फोटोतली माणसे कोण, हे विचारून पाकिटावर पेन्सिलीने लिहावे, निगेटिव्ह आत घालण्यापूर्वी.