दुसऱ्या योहानची धाव

सत्तरच्या दशकातल्या हॉलंडच्या संघाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं योहान क्रायफचं, आणि ते रास्तच आहे. पण त्या संघात आणखी एक योहान होता. बार्सिलोनाचे प्रेक्षक त्याला ‘दुसरा योहान’च म्हणत. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, वयाच्या ७३व्या वर्षी निवर्तलेल्या योहान नेस्केन्सची कारकीर्द नीट पाहिली, तर हा दुसरा क्रमांक त्याच्यावर थोडा अन्याय करणाराच वाटतो. टोटल फुटबॉलची आखणी प्रशिक्षक रिनुस मिखेल्स आणि क्रायफ यांनी केली असेल. ती नव्वद मिनिटं निभावण्याचं कष्टाचं काम मात्र नेस्केन्सच्या वाट्याला होतं.

१५ सप्टेंबर १९५१ रोजी हार्लेमजवळच्या हेमस्टेड गावात त्याचा जन्म झाला. तिथल्याच क्लबात तो घडला आणि १९७० मध्ये मिखेल्सनी त्याला आयाक्समध्ये आणलं. पहिल्या हंगामात तो बचावफळीत उजवीकडे खेळला. १९७१ मध्ये वेम्बलीवर आयाक्सने पानाथिनायकोसला हरवून युरोपियन कप जिंकला, तेव्हाही तो तिथेच होता. त्यानंतर तो मधल्या फळीत आला आणि आयाक्सने पुढची दोन वर्षंही कप सोडला नाही. बावीस वर्षांचा होण्याआधीच नेस्केन्सच्या नावावर तीन युरोपियन कप जमा होते.

मधल्या फळीत त्याच्यावर एक खास जबाबदारी असे: समोरच्या संघाच्या सूत्रधाराला मोकळं सोडायचं नाही. असा सूत्रधार जाच चुकवायला आपल्याच अर्ध्या भागात मागे सरकला, की त्याला तिथे सोडून आपल्या जागी परतायचं, हा तेव्हाचा रिवाज. नेस्केन्स परतत नसे. तो त्याच्या मागोमाग थेट त्याच्या गोलच्या दिशेने जाई. त्यामुळे त्याच्या पाठीमागे मोठी पोकळी पडे. ती भरायला आयाक्सचे बचावपटू पुढे सरकू लागले, ऑफसाइडची रेषा मध्यरेषेकडे ढकलली गेली आणि चेंडू हिसकावण्याची जागा थेट प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात गेली. आज ज्याला ‘प्रेसिंग’ म्हणतात, त्याच्या जडणघडणीत या पाठलागाचा वाटा मोठा आहे.

१९७४ च्या विश्वचषकात हे सगळं जगासमोर आलं. नेस्केन्सने त्या स्पर्धेत पाच गोल केले. त्यातला ब्राझीलविरुद्धचा गोल विसरता न येणारा: उजवीकडून क्रायफने दिलेल्या पासवर त्याने घसरत, पाय ताणून चेंडू गोलरक्षक लिआओच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला. त्याच सामन्यात त्याला आडवं पाडणाऱ्या लुइस परेराला लाल कार्ड मिळालं.

मग ७ जुलैची म्युनिकमधली अंतिम लढत. सामना सुरू झाल्यावर पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा पाय चेंडूला लागण्यापूर्वी क्रायफ पेनल्टी क्षेत्रात शिरला आणि उली हनेसने त्याला पाडलं. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तोवर एकदाही पेनल्टी दिली गेली नव्हती. समोर सेप मायर, भोवती जर्मन प्रेक्षक. नेस्केन्सने लांबून धाव घेतली आणि कोपऱ्याबिपऱ्याच्या फंदात न पडता चेंडू सरळ मधोमध हाणला. मायर तोवर बाजूला झेपावला होता. पुढे ब्राइटनर आणि म्युलरच्या गोलांमुळे सामना २-१ असा जर्मनीकडे गेला.

त्याच उन्हाळ्यात नेस्केन्स क्रायफपाठोपाठ बार्सिलोनात दाखल झाला. झोकून देणारा त्याचा खेळ तिथल्या लोकांना मनापासून भावला. १९७८ चा विश्वचषक क्रायफविना खेळायची वेळ आली, तरी हॉलंड पुन्हा अंतिम फेरीत पोचलं. स्कॉटलंडविरुद्ध जायबंदी झालेला नेस्केन्स ब्युनोस आयर्समध्ये अर्जेंटिनाविरुद्ध उभा राहिला. १-१ अशी बरोबरी असताना, शेवटच्या मिनिटाला रेन्सेनब्रिंकचा फटका खांबाला लागून परत आला आणि जादा वेळेत हॉलंड ३-१ ने हरलं. दोन विश्वचषक, दोन अंतिम सामने, दोन्हींत यजमानांकडून हार.

१९७९ मध्ये बासेलला बार्सिलोनाने फोर्टुना ड्युसेलडॉर्फला ४-३ असं नमवून कप विनर्स कप जिंकला. चाहते त्याच्या नावाचा घोष करत असतानाही त्याचा करार वाढवला गेला नाही, आणि तो न्यूयॉर्कच्या कॉसमॉसकडे गेला. देशासाठी त्याचे ४९ सामने आणि १७ गोल झाले.

पुढची कारकीर्द बहुतेक करून दुसऱ्याच्या शेजारी बसण्याची. १९९८ मध्ये हॉलंडच्या आणि २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बाकावर तो गुस हिडिंकचा सहायक होता. बार्सिलोना आणि गलातासरायमध्ये फ्रँक रायकार्डचा. मृत्यूने गाठलं तेव्हा तो डच फुटबॉल संघटनेच्या उपक्रमासाठी अल्जीरियात होता, तिथल्या प्रशिक्षकांना शिकवायला.

क्रायफसारखा खेळाडू कुठल्याही प्रशिक्षकाला मागून मिळत नाही. नेस्केन्सचं काम मात्र शिकता येतं, शिकवता येतं. आज मधल्या फळीतला खेळाडू निवडताना तो किती धावतो, चेंडू कुठे हिसकावतो हे आधी पाहिलं जातं. म्हणजे प्रशिक्षक अजूनही दुसऱ्या योहानलाच शोधत असतात.